गादी सरकली, दगड चुकले

आंबेगडच्या तुळोजीराजांनी मैल बंद केले. राज्यात मीटरचं माप आलं. आता पूर्वेच्या रस्त्यावरच्या चाळीस मैलांच्या दगडांवर नवे आकडे कोरायचे होते.

"अपूर्णांक चालणार नाही आणि अंदाजही चालणार नाही," राजांनी भिवा पाथरवटाला बजावलं. "सगळं मिलिमीटरमध्ये कोर. पंधरा दिवसांत झालं नाही, तर दगडाची खाण दुसऱ्याला देईन."

पहिल्याच दगडाचा आकडा ऐकून भिवाने कपाळाला हात लावला. सोळा लाख नऊ हजार तीनशे चव्वेचाळीस! दगड वीतभर रुंद. शेवटच्या दगडावर तर आकडा सहा कोटींच्या पुढे जात होता. आणि खाण गेली तर खायचं काय?

"बाबा, छिन्नी खाली ठेवा," त्याची मुलगी सगुणा म्हणाली. "मी दरबारात जाऊन येते."

ती पोचली तेव्हा भर दुपार होती. चार सेवक राजांची गादी उचलून खिडकीजवळ नेत होते. उन्हाळ्यात रोजच न्यायचे. तिथे वारा लागे.

राजे गादीवर बसल्यावर सगुणाने मुजरा केला. "महाराज, अंतर कुठून धरायचं?"

"हे काय विचारणं झालं? वाडवडिलांपासून आंबेगडात अंतर गादीपासूनच धरतात."

"सकाळच्या गादीपासून की दुपारच्या?"

कारभारी उगाच खोकले. सगुणाने कमरेची मोजायची फीत काढली आणि गादीची जुनी जागा ते नवी जागा मोजली.

"एकवीसशे मिलिमीटर. म्हणजे सकाळच्या गादीपासून कोरले, तर आत्ता चाळीसही दगड खोटे. संध्याकाळी गादी परत गेली की खरे. आम्ही रोज दोनदा कोरू, महाराज. नाहीतर आपण जागेवरून हलू नका."

"उन्हाळाभर?"

"हे माप असेपर्यंत."

राजे चिडले. "मग मिलिमीटर वापरायचे तरी कुठे?"

"आमच्या बाबांच्या छिन्नीला. ते आकडा चार मिलिमीटर खोल कोरतात. आपला अंगरखा सेंटीमीटरमध्ये बेतावा. रस्त्याला मात्र किलोमीटर द्या. मग गादी खिडकीत न्या की गच्चीवर, दगड काही बोलायचे नाहीत."

"पण मैलाच्या दगडावर किलोमीटर पुरा येत नाही, पोरी. अपूर्णांक येतो."

"मग दगड हलवू. गादी रोज हलते, दगड एकदा हलले तर काय बिघडलं?"

"चाळीस मैलांचे चौसष्ट किलोमीटर होतात," कारभारी मध्येच म्हणाले. "दगड आहेत चाळीस."

"चोवीस नवे लागतील," सगुणा म्हणाली. "खाण आमच्याकडेच राहिली, तर पंधरा दिवसांत देऊ."

राजे पोट धरून हसले. "कारभारी, खाण यांच्या घराण्याला कायमची लिहून द्या. आणि या पोरीला सोन्याचं कडं."

मग सेवकांकडे वळून हळूच म्हणाले, "गादी अजून थोडी खिडकीकडे घ्या रे. आता कुणी मोजणार नाही."