बाहेर उरले दोघे

फार वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेत, नायजर नदीच्या काठी, भुईमूग चोरल्याच्या आरोपावरून डेम्बा साळिंदराला कोंडवाड्यात टाकलं. खरा चोर होता रानडुक्कर, पण तो न्यायाधीश तरसाला रोज ताजे मासे पोचवायचा. डेम्बाची बहीण सिरा दाद मागायला गेली की तरस म्हणायचा, "पुढच्या पावसाळ्यात ये."

तिसऱ्या पावसाळ्यात सिराने भरसभेत विचारलं, "महाराज, माझा भाऊ आत आहे, मग भुईमूग अजून कोण खातंय?"

सभेत हशा पिकला. तरस चवताळला. "हीच खाते! टाका हिलाही आत!"

"मग मलाही टाका!" ससा पुढे झाला.

"आणि मला!" माकड ओरडलं. बघता बघता हरणं, कासवं, पाखरं, अगदी पहारेकरी मुंगूससुद्धा कोंडवाड्यात शिरलं. सिराला हसू आवरेना. काटे सांभाळत ती भावाला बिलगली.

सकाळी कोंडवाड्याच्या फटींतून भुईमुगाचं शेत पुन्हा उकरलेलं दिसलं. आतून एकच आरोळी उठली, "आता चोर कोण?"

बाहेर दोघेच होते. रानडुकराने तरसाकडे पाहिलं, तरसाने रानडुकराकडे, आणि दोघांनी धूम ठोकली.

मुंगसाने दार सताड उघडलं. सगळ्यांनी वाट सोडली आणि सर्वांत आधी डेम्बा उन्हात आला.