सहा शिक्के आणि एक अंगठा

मला गोष्टी सांगता येत नाहीत, तरी पोरं पिच्छा सोडत नाहीत. सांगतो एकदाची. मधेच कुणी "मग?" म्हणालं, तर उठून जाईन.

लई जुन्या काळी, धुक्यात बुडालेल्या एका मुलखात एक पाथरवट राहत होता. त्याची एकुलती एक लेक नदीपल्याड दिलेली. धुकं विरळ झालं की तिचं वाळत घातलेलं लुगडं दिसे, तेवढीच भेट. नाव होती, पण ती पाण्याच्या मर्जीने चाले. म्हणून त्याने पूल बांधायचं मनावर घेतलं.

राजाचा नियम असा, की पुलाला सहा कारभाऱ्यांचे शिक्के हवेत आणि सातवा काठावरच्या म्हाताऱ्या नावाडणीचा अंगठा.

पहिल्या कारभाऱ्याची कचेरी ढगात होती. तो म्हणाला, "पुलाची सावली किती लांब पडेल, लिहून आण." दुसरा म्हणाला, "माशांना विचारलंस का?" तिसरा शिक्का उशाशी घेऊन झोपलेला; तो जागा होईपर्यंत आंब्याला दोनदा मोहोर आला. असं करत सहा शिक्क्यांना सहा वर्षं गेली. त्यातल्या एकाच्याही पायाला नदीचं पाणी लागलं नाही.

मग तो नावाडणीकडे आला. "आजी, अंगठा उठव."

"उठवते की. पण एक पावसाळा माझ्यासंगं इथं बस. मग सांगते, पूल कुठं घालायचा."

"अजून चार महिने? तू पण त्यांच्यातलीच!"

"त्यांनी कागद बघितला, बाबा. मी पाणी बघते."

पण पाथरवटाची सबुरी सहा दारांतच संपली होती. जिथं ती खरी लागायची, तिथं काही उरलीच नाही. तो तडक प्रधानाकडे गेला आणि अंगठ्याची अटच काढून घेऊन आला.

कमानी उभ्या राहिल्या. काय पूल! धुक्यात असा तरंगे, जणू दगडाला स्वप्न पडलंय. वरची फरशी तेवढी राहिली, तोच पावसाळा आला, आणि झोपेतलं माणूस वळतं तशी नदीने हळूच कूस बदलली.

धुकं सरलं तेव्हा पुलाखाली नुसती वाळू होती. नदी पुलाच्या पलीकडच्या टोकापुढून वाहत होती.

"आजी, तुला ठाऊक होतं?"

"बारा वर्षांनी वळतेच ती. किती वळते, तेच बघायचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बसलास कुठं?"

पाथरवट पुलाच्या टोकाला गेला. पाण्यापल्याड लेक उभी होती, कडेवर पोर घेऊन. ती ओरडून काहीतरी सांगत होती. पाण्याच्या आवाजात त्याला "बाबा" एवढंच कळलं.

तात्पर्य काय, तर सहा जणांचा राग सातव्यावर काढू नये. नदी बघितलेला बहुतेक तोच असतो.

आपल्या गावच्या तळ्याची जागा चुकतेय असं मी म्हणालो, तेव्हा चारचौघांत मला आडमुठा म्हातारा म्हटलं होतं. तळं अजून कोरडं आहे. आणि माफी अजून आलेली नाही, धोंडिबा वाघचौरे.