राजमातेची उचकी आणि शुकशाळेतले पोपट

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा ताडपत्र मिळायला मारामार आणि पोपट मात्र झाडोझाडी. म्हणून त्या काळचे वैद्य आपलं ज्ञान लिहून ठेवत नसत, पोपटाला पढवून ठेवत. मुलांनो, हसू नका. आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही हसू नका. तुमच्या फडताळातल्या पोथ्यांपैकी किती तुम्ही उघडून पाहिल्यात, ते मला ठाऊक आहे.

रीत अशी होती. कुठल्याही गावच्या वैद्याने रोग्याला औषध दिलं, की पुढे काय झालं ते तो एका पोपटाला पढवायचा आणि पोपट राजधानीबाहेरच्या टेकडीवर धाडून द्यायचा. तिथे एक भलंमोठं दगडी दालन होतं. त्याला म्हणत शुकशाळा. आत जाऊन एखादा शब्द मोठ्याने उच्चारला, की ज्याच्या गोष्टीत तो शब्द असेल तो पोपट बोलू लागे. दोन शब्द उच्चारले, तर दोन्ही ज्याच्या गोष्टीत असतील तेवढेच बोलत. बाकीचे डोळे मिटून बसत.

तर या राज्याच्या राजमातेला एकदा जेवता जेवता उचकी लागली. पहिल्या दिवशी सगळे हसले. "कोणीतरी आठवण काढतंय," म्हणून राजमातेने माहेरच्या माणसांची नावं घेतली, मग सासरच्या माणसांची घेतली, शेवटी शत्रूंचीही घेतली. उचकी थांबेना. पुढे घास गिळवेना, झोप लागेना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा वाड्यातलं हसू बंद झालं.

राजवैद्य तरुण होता. बाप नुकताच वारला होता आणि त्याची गादी याच्याकडे आली होती. आई तर लहानपणीच गेलेली. राजमातेने आपल्या ताटातला घास भरवून त्याला वाढवलं होतं, त्यामुळे तो रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून राही.

त्याच्याकडे औषध एकच होतं, बापाचा प्रसिद्ध काढा. इतका कडू, की एक घोट घेतला तर मागचा जन्म आठवावा. त्याने तो राजमातेला पाजला. उचकी थांबली नाही. त्याने दुप्पट पाजला. उचकीही दुप्पट झाली.

"काढा लागू पडायला वेळ लागतो, महाराज," तो राजाला म्हणाला. "आता तिप्पट देतो."

"थांब," राजा म्हणाला. "आधी शुकशाळेत जा. देशोदेशीच्या वैद्यांना काय अनुभव आला, तो घेऊन ये. मग बघू."

वैद्याला आनंद झाला. बापाच्या काढ्याची कीर्ती पोपटांच्या तोंडून वदवून आणायची, एवढंच तर काम! आधी कळस मग पाया म्हणतात तो हाच प्रकार, पण तेव्हा त्याला कोण सांगणार? पोपटांना खूश ठेवायला त्याने हिरव्या मिरच्यांची थैली सोबत घेतली आणि तो टेकडी चढला.

दालनाच्या मध्ये उभा राहून तो ओरडला, "उचकी!"

अहो, हजारो पोपट एकदम बोलू लागले! कोणी बाळाच्या उचकीचं सांगत होता, कोणी म्हशीच्या. एका वैद्याला वैद्यकीपेक्षा विरहगीतं प्रिय असावीत. त्याचे पोपट "उचकी लागली गं साजणी" असं आळवू लागले. वैद्याच्या कानठळ्या बसल्या. तो बाहेर पळाला, कानात कापूस घालून परत आला.

आता त्याने ठरवलं, की अगदी नेमकं विचारायचं. त्याने दम भरून म्हटलं, "आमच्या राज्याच्या राजमातेला, ज्यांना कारल्याची भाजी आवडत नाही, आणि ज्या पूर्वेकडे तोंड करून जेवायला बसल्या होत्या, त्यांना लागलेली उचकी कशाने जाईल?"

शुकशाळा चिडीचूप. एक पोपट जांभई देऊन पुन्हा झोपला. कारलं न आवडणारी पूर्वाभिमुख राजमाता इतर कुठल्या वैद्याला कुठून भेटणार?

मग वैद्याने आपल्या मनातलंच विचारलं. "उचकी! काढा! बरी!"

एक पोपट म्हणाला, "काढ्याने उचकी बरी झाली." वैद्याने त्याला मिरची दिली. दुसरा म्हणाला, "काढा दिला, उचकी बरी होईल वाटलं, पण उलट..." वैद्याने त्याला उपरण्याने हाकललं. तिसऱ्याने मिरचीकडे पाहिलं, हाकललेल्या पोपटाकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "काढ्याने उचकी बरी झाली!" पोपटच ते. माणसांना जे शिकायला गुरुकुल लागतं, ते त्यांना एका मिरचीत कळलं. दिवस कलेपर्यंत सगळी शुकशाळा काढ्याचे गुण गाऊ लागली. हाकललेले पोपट तेवढे छताच्या तुळईवर मुकाट बसून राहिले.

वैद्याने त्यातले गोड गळ्याचे पोपट निवडून पिंजऱ्यात भरले आणि तो दरबारात आला. राजमातेलाही पालखीतून आणलं होतं.

"उचकी कशाने बरी होईल?" राजाने विचारलं.

"काढ्याने बरी!" पिंजरा गर्जला. दरबाराने माना डोलावल्या. वैद्याचा ऊर भरून आला. बाप असता तर त्याने आज पाठ थोपटली असती, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात राजमाता क्षीण आवाजात म्हणाली, "अरे पोपटांनो, माझ्या पलंगाचा... हिक्... पाय मोडलाय. तो कशाने बरा होईल?"

"काढ्याने बरा!"

"आणि प्रधानजींचं टक्कल?"

"काढ्याने बरं!"

दरबार खो खो हसला. प्रधानजी हसले नाहीत. वैद्याचा चेहरा मात्र पांढरा पडला. राजमातेने त्याला जवळ बोलावलं. त्याच्या हातावर तिने हात ठेवला, तेव्हा तो हात त्याला वाळल्या पानाइतका हलका लागला.

"बाळा," ती म्हणाली, "तू विचारायला गेलाच नव्हतास. तू... हिक्... शाबासकी आणायला गेला होतास. मी अजून आहे. पुन्हा जा. या वेळी माझ्यासाठी जा."

वैद्याला रडू आलं. बापाचा काढा आणि ही आई, यातलं आपण काय वाचवत होतो, हे त्याला लख्ख दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. तो उठला. मिरच्यांची थैली त्याने मुदपाकखान्यात देऊन टाकली.

टेकडी चढताना तो स्वतःशी विचार करत होता. कोणाची उचकी? म्हाताऱ्या माणसाची. कसली? थांबता थांबेना अशी. काय दिलं आणि काय झालं? जे काय दिलं ते, आणि जे काय झालं ते. बरंही आणि वाईटही. आणखी एक त्याच्या ध्यानात आलं. गावोगावचे वैद्य काही एकाच तोंडाने बोलत नाहीत. कोणी उचकी म्हणतो, कोणी गुचकी, आणि शास्त्री वैद्य असला तर हिक्का.

मोकळ्या हातांनी तो दालनात उभा राहिला. पोपटांनी "काढ्याने बरी" म्हणून पाहिलं, वाट पाहिली, पुन्हा म्हणून पाहिलं. मिरची नाही म्हटल्यावर त्यांना खोटं बोलण्यात रस उरला नाही.

मग वैद्य सावकाश म्हणाला, "उचकी, गुचकी किंवा हिक्का. आणि त्यासोबत म्हातारा, म्हातारी किंवा वृद्ध. बाळं नकोत, म्हशी नकोत, साजणी तर नकोच."

मोजकेच पोपट बोलले. वैद्याने एकेकाला शेवटपर्यंत बोलू दिलं. मधेच त्याच्या लक्षात आलं, की सात पोपट एकाच एकाक्ष म्हाताऱ्याची गोष्ट सांगताहेत. एकाचं ऐकून दुसरा शिकला होता. त्या सातांना त्याने एकच धरलं. शेवटी तुळईवर रुसून बसलेल्यांनाही त्याने हात जोडून खाली बोलावलं.

"परवा तर हाकललंत," त्यातला एक म्हणाला.

"चुकलो," वैद्य म्हणाला. "आता बोला. मी ऐकतोय."

ते बोलले, आणि उत्तर तिथेच होतं. म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला असला जहाल कडू काढा सोसत नाही. जिथे जिथे दिला तिथे उचकी वाढली. जिथे तो बंद करून पोटाला विसावा दिला आणि तांदळाची पातळ पेज घोट घोट पाजली, तिथे बहुतेक वेळा उचकी उतरली.

वैद्य धावतच वाड्यावर आला आणि भर दरबारात म्हणाला, "महाराज, काढा बंद करा. रोगापेक्षा आईसाहेबांना माझं औषधच जास्त छळत होतं."

काढा बंद झाला. पेज सुरू झाली. हळूहळू उचक्या विरळ झाल्या, आणि एका सकाळी राजमाता न्याहारीला दोन वाट्या पेज पिऊन वर विचारती झाली, "याच्याबरोबर लोणचं नाही का?" वैद्य दाराआड जाऊन पोटभर रडला.

राजा त्याच्यावर रागावला नाही. पण वैद्याने स्वतःच एक नवा पोपट आणला आणि त्याला मांडीवर घेऊन पढवायला बसला. पोपटाला एकही मिरची न देता त्याने पुन्हा पुन्हा म्हटलं, "राजवैद्याने वृद्ध बाईला काढा दिला. उचकी वाढली. काढा बंद केला, पेज पाजली, उचकी गेली. चूक राजवैद्याची." पोपट बिनचूक बोलू लागला, तेव्हा त्याने तो स्वतःच्या हाताने शुकशाळेत नेऊन सोडला. पुढे कित्येक म्हाताऱ्यांचे प्राण त्या एका पोपटाने वाचवले म्हणतात.

तात्पर्य: उत्तर आधी ठरवून शोधायला निघालेल्याला आपलाच आवाज ऐकू येतो; प्रश्न नीट घडवून, नकोसं उत्तरही ऐकून घेणाऱ्यालाच खरं औषध सापडतं.