भानू कुणाचा?

बार्शीत कुठल्याही कंपनीच्या स्टोव्हला लोक भानूच म्हणत. लेक छबू सासरी स्टोव्हच्या भडक्यात गेली, तेव्हापासून अनुसयाबाई बाजारात स्टोव्ह दुरुस्त करत बसायच्या. ‘इथे भानू दुरुस्त होतील’ या पाटीवर त्यांचं पोट होतं.

एके दिवशी भानू कंपनीचे साहेब समोर उभे राहिले. “भानू म्हणजे फक्त आमचा स्टोव्ह. नाव आमच्या मालकीचं आहे. पाटी उतरवा, नाहीतर कोर्टात या.”

“म्हणजे जो जो भानू, तो तुमचाच?”

“अर्थात.”

“बरं झालं भेटलात. माझ्या छबूचं पेपरात आलं होतं, भानूचा भडका उडून सून दगावली. तो तुमचा होता, एवढं चारचौघांत बोला. पाटी मीच उतरवते.”

साहेब गडबडले. “अहो मावशी, तो दुसऱ्या कुणाचा असेल. लोक काय, कुठल्याही स्टोव्हला भानू म्हणतात.”

“मग मीही लोकांतलीच आहे, साहेब.”

साहेब निघून गेले. शेजारचा भाजीवाला म्हणाला, “जिरवलीत, मावशी.”

अनुसयाबाईंनी पुढचा स्टोव्ह ओढला, पण हात चालेना. साहेब हो म्हणाले असते, तर पाटी गेली असती. पण छबूच्या मरणाला कुणीतरी धनी मिळाला असता.