खारीच्या फोनमधले बसून खाणारे

ज्या जंगलात मोबाइलला रेंज येत होती, अशा एका जंगलात एक खार राहत असे. आता खारीकडे मोबाइल कुठून आला, असे विचारू नका. गोष्टीतला कोल्हा बोलतो, तेव्हा त्याला बोलायला कुणी शिकवले असे तुम्ही कधी विचारले नाहीत. मग खारीनेच तुमचे काय घोडे मारले आहे? तर तिच्याकडे मोबाइल होता. जुना होता, मेमरी बेताची होती आणि एका कोपऱ्यात काचेला तडा गेलेला होता. ऐनाच्या उंच झाडावरच्या ढोलीत ती राहायची. त्या ढोलीत तिची तीन पिल्ले होती आणि त्यांचे डोळे अजून उघडलेले नव्हते.

ही खार भयंकर टापटिपीची होती. ढोलीत एक काडी तिरकी पडलेली तिला खपत नसे. शेंगांची टरफले, वाळकी पाने, पिल्लांच्या अंगाखालचा चपटा झालेला कापूस, सगळे ती दिवसातून चारदा शेपटीने झाडून काढी. आल्यागेल्याला पाय पुसून मगच वर येऊ देई. आणि नुसते बसलेले तर तिला कुणी बघवतच नसे. समोरच्या वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर एक घार दिवसभर बसून असायची. तिच्याकडे बघून खार नाक मुरडायची आणि म्हणायची, "काय बाई एकेक! सकाळी बसते ती संध्याकाळीच उठते."

घार तिथे काय करत होती ते सांगतो. ती धुरावर नजर ठेवून होती. जंगलात कुठेही धुराची रेघ दिसली, की घार ‘हाक’ नावाच्या ॲपवर खबर टाकी. मग ज्याच्या त्याच्या फोनमधून कर्कश आवाज निघे, ‘वणवा! वणवा!’ आणि पाठोपाठ कुठल्या उतारावर, वारा कुठे, पळायचे कोणत्या बाजूला हेही सांगितले जाई. एरवी हे ‘हाक’ फोनमध्ये मागच्या मागे गप्प बसलेले असे. घारींचे आणि खारींचे फार सख्य असते अशातला भाग नाही. पण वणव्याच्या बाबतीत घारीने कधी आपला आणि परका असा भेद केला नव्हता.

एक दिवस काय झाले, एका पिल्लाने जांभई दिली. आयुष्यातली पहिली जांभई! खारीने फोटो काढायला धावत जाऊन फोन उचलला, पण कॅमेरा काही केल्या उघडेना. चाक फिरतेय, फिरतेय. शेवटी कॅमेरा उघडला तेव्हा पिल्लू तोंड मिटून गाढ झोपी गेले होते. खारीला इतके वाईट वाटले की तिने तडक माकडाकडे धाव घेतली. माकड पर्यटकांच्या हातातून फोन हिसकावण्यात पटाईत होते. शंभर फोन हाताळल्यामुळे आपण फोनमधले तज्ज्ञ आहोत, असा त्याचा समज होता आणि जंगलात बऱ्याच जणांना तो पटलाही होता.

"माकडदादा, फोन फार रेंगाळतोय हो," खार म्हणाली.

"आण इकडे. हे इथलं बटण दाबायचं. बघ, मागे किती जण बसलेत!"

खारीने मोजले. अकरा होते. फळझाडांच्या नकाशाचे ॲप होते, हवामानाचे होते, पक्ष्यांच्या गाण्यांच्या स्पर्धेचे होते, माकडांच्या कोलांट्यांचे व्हिडिओ दाखवणारे एक होते, आणि कोपऱ्यात ‘हाक’ होते.

"हे सगळे इथे काय करतायत?"

"काय करणार? बसलेत. बसून तुझी बॅटरी खातायत."

बसून खातायत! खारीच्या अंगाची लाही लाही झाली. "माझ्या फोनमध्ये? माझ्यादेखत?"

"चिडू नकोस. बोट ठेव आणि एकेकाला वर ढकल. असं! गेला की नाही?"

खारीने अकराच्या अकरा जणांना वर ढकलून दिले. पडदा स्वच्छ झाला आणि त्यावर अक्षरे उमटली, ‘येथे काहीही नाही’. इतके सुंदर वाक्य तिने आजवर वाचले नव्हते. त्या दिवसापासून तिला नादच लागला. ढोली झाडून झाली की फोन झाडायचा. पिल्लांना दूध पाजून झाले की फोन झाडायचा. झाडायला काही नसेल, तर काही उघडून पुन्हा झाडायचा.

आता फोनच्या आत काय चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तिचे कुठे चुकत होते ते तुम्हाला कळेल. मेमरी म्हणजे फोनची ओसरी असे समजा. ॲप उघडले की ते आतल्या खोलीतून ओसरीवर येऊन बसते. तुम्ही दुसरे उघडलेत की पहिले जरा मागे सरकते आणि गप्प बसते. पुन्हा बोलावले की बसल्या जागेवरून पुढे येते, त्याला वेळ लागत नाही. ओसरी भरत आली की फोन स्वतःच बघतो, कुणाला बराच वेळ कुणी विचारलेले नाही, आणि त्याला हळूच आत पाठवून देतो. हे काम फोनला चांगले येते. पण ओसरीवरच्या प्रत्येकाला तुम्हीच हाकलून दिलेत, तर पुढच्या वेळी त्या प्रत्येकाला आतून उठून, तोंड धुऊन, कपडे चढवून नव्याने बाहेर यावे लागते. त्यात वेळ जातो आणि बॅटरीही जाते.

खारीच्या फोनचे तेच झाले. नकाशा दर वेळी पहिल्यापासून सुरू होऊ लागला. बॅटरी दुपारच्या आत संपू लागली. वनचौकीच्या सोलर पॅनेलजवळ चार्जिंगसाठी रांग असे, त्या रांगेत ससा आणि साळिंदर यांच्यामागे तिला रोज ताटकळत उभे राहावे लागे. साळिंदराच्या मागे उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने ते केले आहे त्यालाच ठाऊक. आणि एवढे होऊनही खारीने निष्कर्ष काय काढला? मेले फारच खातायत, आणखी झाडायला हवे!

घारीने हे सगळे वरून बघितले होते. एकदा रांगेत उभ्या असलेल्या खारीला ती म्हणाली, "अगं, त्या अकरांत खादाड एकच आहे. ते कोलांट्यांचे व्हिडिओ. तू बघत नसलीस तरी ते पुढचे व्हिडिओ ओढत बसतं. तेवढं एक बंद कर. बाकीच्यांचं फोन बघून घेईल."

"हो का, घारमावशी? बरं झालं सांगितलंत," खार गोड आवाजात म्हणाली आणि घार उडाल्यावर सशाला म्हणाली, "बसणाऱ्यांना बसणाऱ्यांचा पुळका यायचाच!" व्हिडिओचे ॲप तिने काही बंद केले नाही. सगळ्यांना झाडून झाले की पहिल्यांदा ती तेच उघडत असे, कारण कोलांट्या तिला मनापासून आवडत.

या साफसफाईत एकच जण तिला दाद देत नव्हता, आणि तो म्हणजे ‘हाक’. वर ढकलले तरी ते थोड्या वेळाने आपले परत येऊन बसे. वर पाटी लावी, ‘मला चालू राहू द्या. बंद केल्यास इशारे मिळणार नाहीत.’

"निर्लज्ज कुठला!" खार म्हणाली. "बसून खायचं ते खायचं, वर मलाच दटावायचं!"

ती पुन्हा माकडाकडे गेली. माकडाने सेटिंगमध्ये खोल कुठेतरी शिरून ‘सक्तीने थांबवा’ असे लिहिलेली जागा दाखवली. तिथे बोट ठेवल्यावर फोनने विचारले, ‘तुमची खात्री आहे का?’ खारीने हो म्हटले. ‘हाक’ गेले. त्यानंतर ते परत आले नाही. खारीला त्या दिवशी जेवण गोड लागले.

मग वैशाखातली एक दुपार आली. पिल्लांना कापसात गुंडाळून खार दोन टेकड्या ओलांडून टेंभुर्णीच्या झाडाकडे गेली होती. टेंभरे पिकून पिवळी झाली होती. फोन फांदीच्या बेचक्यात ठेवून ती निवांत खात बसली आणि मधूनच फोन झाडत होती. इकडे पश्चिमेच्या उतारावर पाचोळ्याने पेट घेतला. घारीने धूर बघितला आणि लगेच खबर टाकली. सांबराच्या फोनमधून आवाज निघाला, सशाच्या निघाला, साळिंदराच्या बिळातून निघाला. ज्याच्याकडे फोन होता त्याने नसलेल्याला सांगितले, आणि जंगल ओढ्याच्या दिशेने पळू लागले. टेंभुर्णीवरचा फोन मात्र गप्प होता. तो अगदी स्वच्छ होता.

बऱ्याच वेळाने माकड उड्या मारत तिथून जाताना खारीला दिसले.

"अगं, तू इथे काय करतेस?" माकड ओरडले. "पश्चिमेचा उतार पेटलाय! पाऊण तास झाला हाक येऊन!"

"मला नाही आली," खार म्हणाली. तिच्या हातातले टेंभर गळून पडले. "तू पण बंद केलं होतंस ना ते? तूच दाखवलंस मला!"

"मी? मी कशाला बंद करतोय? एवढ्या खोल जाऊन बंद करायचा मला कंटाळा येतो," माकड म्हणाले आणि पुढच्या झाडावर गेले.

आग कुठवर आली आहे आणि कोणती वाट मोकळी आहे, ते बघायला खारीने नकाशा उघडला. तो तिने नुकताच झाडून टाकलेला होता, त्यामुळे तो पहिल्यापासून सुरू होऊ लागला. चाक फिरू लागले. बॅटरीचा आकडा लाल झाला. खार पंजाने काचेवर मारत राहिली, "उघड रे, उघड ना लवकर!" चाक फिरता फिरता पडदा काळा झाला. मग तिने फोन तिथेच टाकला आणि धूम ठोकली.

ऐनाचे झाड अजून पेटले नव्हते, पण खालचा पाचोळा जळत जवळ येत होता आणि ढोलीत धूर शिरला होता. खारीने एका पिल्लाला मानेला धरून उचलले, फांद्याफांद्यांवरून ओढ्यापलीकडे नेले आणि ओल्या मातीत करवंदीच्या जाळीखाली ठेवले. ती परत आली आणि दुसऱ्याला घेऊन गेली. पाऊण तास हातात असता तर अशा दहा खेपा झाल्या असत्या. तिसऱ्या खेपेला ती आली, तेव्हा बुंध्यावरच्या वाळक्या वेलींनी पेट घेतला होता. तिने शेजारच्या झाडावरून उडी मारायचा प्रयत्न केला. धग इतकी होती की तिच्या मिशा जळाल्या आणि ती खाली पडली. ती उठली आणि पुन्हा चढली. पुन्हा पडली.

मला ही गोष्ट तिन्ही पिल्ले वाचली अशी सांगता आली असती. तुम्हालाही बरे वाटले असते. पण दोनच वाचली.

आग ओढ्यापाशी येऊन विझली, तेव्हा घार काठावरच्या दगडावर उतरली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. तिला बघताच खार किंचाळली, "तुम्ही वर बसून नुसत्या बघत होतात! मला का नाही सांगितलंत?"

घार रागावली नाही. "तीनदा हाक मारली गं," ती म्हणाली. "धूर दिसल्याबरोबर एकदा. वारा फिरला तेव्हा एकदा. आणि आग तुझ्या झाडाकडे वळली, तेव्हा फक्त तुझ्यासाठी म्हणून एकदा. तू कुठे गेलीस ते कळेना, तेव्हा तू येशील म्हणून मी तुझ्या झाडावर घिरट्या घालत राहिले. सगळ्यांना पोचली माझी हाक. तुझ्या फोनमध्ये ती ऐकायला कुणी बसलेलंच नव्हतं."

जाळीखाली दोन्ही पिल्ले मिटल्या डोळ्यांनी इकडेतिकडे डोके खुपसत तिसऱ्याची ऊब शोधत होती. खार त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही.

तात्पर्य : गप्प बसलेला प्रत्येक जण रिकामा नसतो. कोण बसून खातो आहे आणि कोण आपल्यासाठी पहाऱ्याला बसला आहे, हे नीट बघितल्याशिवाय कुणालाही उठवू नये.