माईंच्या निधनाची मेल

“मग मी मेले की नाही?” माईंनी हेरंबला विचारलं.

नाशकात लोक हेरंबला सर्व्हरमधलं दैवत मानत, निदान तो स्वतः तरी मानत असे. माईंच्या मठाची वेबसाइट आणि मेल तोच सांभाळायचा, सेवा म्हणून. पण असला प्रश्न आजवर कुठल्या गिऱ्हाइकाने त्याला विचारला नव्हता.

समोर भुसावळच्या कुमुदिनीबाई हार घेऊन बसल्या होत्या. माईंच्या समाधीला घालायला आणलेला. त्या एकदा मोबाइलकडे बघत, एकदा माईंकडे, आणि पुन्हा रडत.

“माईंनी पहाटे देह ठेवला, असं स्वच्छ लिहिलंय हो,” त्या म्हणाल्या. “मठाच्या पत्त्यावरून आलंय. मठ कशाला खोटं बोलेल?”

“मी बोलतेय ना तुझ्याशी?”

“हो, माई... पण मेल...”

माईंनी हात टेकले.

नुसती चेष्टा असती तर हसून सोडून दिली असती. पण वाशिमचे रंगनाथअण्णा, माईंचे सगळ्यांत जुने शिष्य, ती मेल वाचल्यापासून अन्नाला शिवले नव्हते. वय झालेलं, त्यात मधुमेह. माईंनी स्वतः फोन केला. अण्णा म्हणाले, “आवाज हल्ली कुणाचाही काढता येतो. मठाने कळवलंय तेच खरं.” आणि फोन ठेवून दिला.

“मी आत्ता खरी मेल पाठवतो,” हेरंब म्हणाला.

“आणि तिच्या मागून पुन्हा खोटी आली तर? अण्णांनी कुठली मानायची?”

“माई, मी सगळा बंदोबस्त केलाय. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, काही म्हणून सोडलं नाही. मठाची मेल कुठल्या सर्व्हरवरून निघते ते जगाला सांगून ठेवलंय. प्रत्येक मेलवर मठाचा शिक्का उठतो. मठाचा पत्ता कुणीही लिहील, पण बिनशिक्क्याची आली की समोरच्या सर्व्हरला कळतंच, ही खोटी.”

“कळतं?”

“लगेच.”

“मग तो काय करतो?”

“डीमार्कमध्ये मी सांगितलंय तसं.”

“तू काय सांगितलंयस?”

हेरंब अडखळला. “काही करू नका. मेल जाऊ द्या, मला फक्त अहवाल पाठवा.”

“येतात अहवाल?”

“रोज, माई!”

याचाही त्याला अभिमान वाटत होता, हे विशेष.

“म्हणजे चोर घरात शिरला की तुला निरोप येतो. परतवा म्हणून का नाही सांगितलंस?”

“उत्सवाची आमंत्रणं आपण दुसऱ्या एका कंपनीमार्फत पाठवतो. तिथलं शिक्क्याचं काम राहिलंय. परतवा म्हटलं तर आपलीच आमंत्रणं परत जातील.” हेरंबचा आवाज चढला. “माझ्या हातून गेलेली एकही मेल आजवर परत आलेली नाही, माई. एकही!”

माई उठल्या.

“चल.”

गिरणेकाठच्या या मठात दुपारी सगळे ध्यानाला बसतात. तेवढा वेळ दार बंद. रोज सकाळी माई एका नदीचं नाव ठरवतात, ते मठातल्या सगळ्यांना आणि दारावरच्या भिकाजीला सांगतात. दुपारी ते नाव सांगेल त्यालाच आत घ्यायचं, हा त्यांचाच नियम; जुन्या शिष्यांना तो पाठ.

ध्यानाची वेळ झालीच होती. माई बाहेर गेल्या. मागून हेरंब, लॅपटॉप छातीशी धरून. दार लागलं. माईंनी वळून कडी वाजवली.

“नदी कुठली?” आतून भिकाजीने विचारलं.

माई बोलल्या नाहीत.

दार बोटभर उघडलं. “माई... नदी कुठली?”

“...”

“मग आरतीपर्यंत बाहेर बसा.”

आणि दार लागलं.

हेरंब भडकला. “अरे भिकाजी, माई आहेत! रोज ज्यांच्या पाया पडतोस त्या!”

“आरती झाली की पडेन,” आतून उत्तर आलं.

माई डोक्यावर पदर घेऊन पायरीवर बसल्या. रागावल्या नव्हत्या. उलट खूश दिसत होत्या.

हेरंबला काही समजेना. नियम यांचा, मठ यांचा, आणि बाहेरही याच. बरं, भिकाजीला माई ओळखू आल्या नाहीत, असंही नव्हतं. मला विचाराल तर मी दार उघडलं असतं, आणि वर नमस्कार केला असता.

हेरंब माईंच्या शेजारी बसला. लॅपटॉप उघडला. मग डीमार्कच्या ओळीतलं ‘जाऊ द्या’ काढून त्याने ‘परतवा’ घातलं. शेवटचं बटण दाबताना मात्र बोट अडलं.

“माई... आपलीच एखादी खरी मेल परत गेली तर?”

ऊन पायरीवर आलं होतं. आत कुणीतरी खोकलं. दार बंदच होतं.

“मीही खरीच, तरी बाहेर बसलेय ना? दाब, आणि अण्णांना लिही,” माई म्हणाल्या, “आता जेवा. आज भिकाजीने मला आत घेतलं नाही.”