आठ दिवसांचे कागद

"या दोघांपैकी एकजण आयुष्यभर खोटं बोलत होता."

सलोमीने नाव घेतलं नाही. तिच्यासमोर जमिनीवर दोन खोकी होती. खोक्यांपलीकडे वेताच्या खुर्चीत ज्यांचे ते कागद होते, तेच बसले होते.

रेव्हरंड डॉक्टर एलिया वाघचौरे. लुथरन मंडळीचे पाळक आणि विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आता दोन्हीकडून निवृत्त. विद्यार्थी त्यांना सर म्हणत, मंडळी पाळकसाहेब म्हणत. सलोमी रणपिसे त्यांच्या वर्गातही बसली होती आणि चर्चमध्येही. ती सरच म्हणायची.

सरांचे कागद पाळक घडवणाऱ्या सेमिनरीच्या संग्रहात जायचे होते. ते नीट लावून देण्याचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं होतं.

पत्र्याच्या पेट्या उघडल्या तेव्हा तिला धक्का बसला. वर्गातली टिपणं, रविवारचे उपदेश, सगळं एकमेकांत मिसळलेलं. वर्षांचा क्रम नाही. लुथरन मंडळीत कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा हे ठरलेलं असतं. दर वर्षी तोच रविवार, तोच उतारा. सरांनी त्याच हिशोबाने गठ्ठे केले होते. एकेका आठवड्याचा एक गठ्ठा, सगळ्या वर्षांचा मिळून, जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेला.

तिने पट्ट्या सोडल्या. विद्यापीठाचे कागद एकीकडे, चर्चचे एकीकडे. एका खोक्यावर लिहिलं, 'प्राध्यापक'. दुसऱ्यावर, 'पाळक'. अशी सोय लावल्यावर तिला बरं वाटलं.

मग ती वाचायला लागली, आणि बरं वाटेनासं झालं.

"हे बघा," ती म्हणाली. ईस्टरनंतरच्या आठवड्यातलं, शुक्रवारच्या तासाचं एक टिपण तिने उचललं. वर्गात सरांनी सांगितलं होतं की देवाच्या अस्तित्वाचा एकही पुरावा तपासणीला टिकत नाही, आणि ज्याला हे मान्य करवत नाही त्याने तत्त्वज्ञान शिकू नये.

मग दुसऱ्या खोक्यातला कागद. तोच आठवडा, तेच वर्ष. रविवारी सरांनी मंडळीला सांगितलं होतं की प्रभू आला आहे, इथे आपल्यामध्ये उभा आहे.

"शुक्रवारी देव नाही, रविवारी आहे. शनिवारी काय झालं?"

"शनिवारी मी भाजी आणायला जातो," सर म्हणाले.

ती हसली नाही.

आतून तबिथाकाकूंनी जेवायला हाक मारली. सरांच्या पत्नी. सलोमीने सांगून टाकलं की उत्तर मिळाल्याशिवाय ती पानावर बसणार नाही. काकू म्हणाल्या, बरं बाई, मी झाकून ठेवते.

सरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "तुला घाई कसली आहे?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. येत्या रविवारी बिशपसाहेब येणार होते. उपदेश सलोमीने करायचा होता. उपासना संपल्यावर सगळ्या मंडळीसमोर बिशपसाहेब तिला विचारणार होते, पाळकपदाची दीक्षा घेतेस का. हो किंवा नाही. मध्ये काही बोलायची रीत नव्हती.

"मला रात्रंदिवस शंका येतात," ती म्हणाली. "अशा माणसाने झगा घालून वेदीपुढे उभं राहणं म्हणजे मंडळीला फसवणं. मला ते जमणार नाही. तुम्ही कसं जमवलंत?"

सर खोक्यांवरची नावं वाचत होते.

"दोघांतला खरा कोणता, तेवढं सांगा. प्राध्यापक खरा असेल तर मी नाही म्हणेन. पाळक खरा असेल तर... मग बघू."

"प्राध्यापक जास्त बोलायचा," सर म्हणाले. "एवढंच नक्की सांगता येईल."

"सर."

"बरं. रविवारचा उतारा कोणता आहे?"

हा प्रश्न परीक्षेतला वाटून ती वैतागली, पण तिने सांगितलं; हातातल्या उपदेशाचाच उतारा होता तो. मेलेला गुरू उठला आणि बंद घरात शिष्यांना भेटला. एक शिष्य तेव्हा तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं तर तो म्हणाला, त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी गुरू पुन्हा आला आणि म्हणाला, घाल बोट.

"आणि मग त्याने मानलं," ती म्हणाली. "प्रत्येक उपदेशात हेच येतं. तुमच्यासुद्धा."

"तो दुसऱ्यांदा आला तेव्हा हा शिष्य कुठे होता?"

"त्याच घरात."

"कुणाबरोबर?"

"बाकीच्यांबरोबर..."

"त्यांनी त्याला घालवून दिलं नव्हतं?"

"नाही."

"आणि तोही उठून गेला नव्हता."



सरांनी वाकून जमिनीवरची एक पट्टी उचलली. हिरवी, काठाकडे फाटलेली. पट्टी ते बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"त्या आठ दिवसांत तो बरंच बोलला असणार. भांडलाही असेल. समज, कुणीतरी ते सगळं लिहून ठेवलं, आणि ते कागद आज तुझ्या हातात आले." त्यांनी खोक्यांकडे पाहिलं. "कोणत्या खोक्यात ठेवशील?"

तिचा हात 'प्राध्यापक'कडे गेला. तिथेच थांबला. मग दुसऱ्या खोक्याकडे वळला... आणि परत तिच्या मांडीवर आला.

वर पंखा फिरत होता. कागदांची टोकं हलत होती.

"पण शेवटी त्याला दिसलं, सर," ती हळू म्हणाली. "आठ दिवसांनी का होईना, दिसलं. तुम्हाला?"

सरांनी पट्टी बोटावरून सोडवली आणि तिच्या हातात दिली.

"माझे आठ दिवस अजून व्हायचे आहेत," ते म्हणाले.

ते असं म्हणाले, जणू पाहुणे संध्याकाळच्या गाडीने येणार आहेत आणि घर झाडून ठेवलं आहे. तोंडावर खंत कुठेच नव्हती.

सलोमीने दोन्ही खोक्यांतून त्या आठवड्याचे कागद बाहेर काढले. टिपणं, उपदेश. ते मांडीवर ठेवून तिने कडा जुळवल्या आणि पट्टी आवळली. गाठ पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा बसली.

"रविवारी बिशपसाहेबांना काय सांगू?" तिने विचारलं.

सरांनी डोळे मिटले होते. 

तबिथाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी पदराला हात पुसले, गठ्ठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आठ दिवस त्या घरात राहिला म्हणतेस, तर जेवलाही तिथंच असेल ना तो," त्या म्हणाल्या. "ऊठ, हात धू."